घर गळतंय, घरमालक लक्ष देत नाही. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून कापता येतो का?

पावसाळा लागला की भिंतींना ओल येते, छताचा गिलावा पडू लागतो आणि घरमालक ‘बघू’ म्हणून फोन ठेवतो. अशा वेळी स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करण्याचा अधिकार महाराष्ट्रात आहे. पण तो प्रत्येकाला मिळत नाही आणि त्याला मर्यादाही आहे.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगे ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. करारात वेगळे ठरले असेल, तर मात्र करार लागू होतो. भाडेकरूने एकट्याने किंवा इतरांसोबत लेखी नोटीस द्यावी. १५ दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊ शकतो. हिशेब आणि पावत्या हा खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो.

किती रक्कम कापता येते?

वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंत. महिना १०,००० रुपये भाडे असेल, तर वर्षाला ३०,००० रुपये. पण पागडीच्या खोलीचे भाडे ५०० रुपये असेल, तर फक्त १,५०० रुपये. तेवढ्यात गच्चीचे वॉटरप्रूफिंग होत नाही. ही मर्यादा भाड्याशी जोडलेली आहे, दुरुस्तीच्या खर्चाशी नाही. जुन्या चाळींत हा अधिकार कागदावरच राहतो, तो यामुळे.

लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांचे काय?

पुण्या-मुंबईत नोकरीसाठी आलेले बहुतेक जण ११ महिन्यांच्या करारावर राहतात. कायद्याच्या भाषेत ते ‘भाडेकरू’ नसून ‘परवानाधारक’ असतात आणि कलम १४ चा अधिकार भाडेकरूला आहे. त्यामुळे त्यांचे सगळे संरक्षण करारात काय लिहिले आहे, यावर ठरते.

भाडे थेट बंद करू नका

दुरुस्ती होत नाही म्हणून भाडे थांबवणे धोक्याचे आहे. थकबाकीच्या नोटिशीनंतर ९० दिवसांत भाडे भरले नाही, तर घरमालक घर खाली करून घेण्यासाठी कोर्टात जाऊ शकतो. मात्र तक्रार केली म्हणून घरमालकाला भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडता येत नाही. कलम २९ नुसार त्याविरुद्ध कोर्टात अर्ज करता येतो.

सही करण्यापूर्वी हे पाहा

* गळती, प्लंबिंगचे पाइप, वायरिंग आणि भिंती-छताची दुरुस्ती कोणाकडे, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात ही कामे घरमालकाकडे, तर नळाचे वॉशर, स्विच अशी किरकोळ कामे भाडेकरूकडे आहेत. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा लागू होत नाही, पण ही यादी करारात वापरता येते.
* किती दिवसांत दुरुस्ती व्हावी आणि न झाल्यास खर्च कसा वळता होईल, तेही लिहा.
* राहायला येताना ओल आणि तड्यांचे फोटो काढून घरमालकाला पाठवा.
* नोटीस स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती जपून ठेवा.
* करार नोंदवून घ्या. कलम ५५ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे.

एजंटने आणलेल्या छापील मसुद्यात दुरुस्तीवर बहुधा एखादीच ओळ असते आणि तीही घरमालकाच्या बाजूची. कायद्यातील ही पोकळी सरकारने भरायला हवी. तोवर भाडे आणि डिपॉझिटइतकीच घासाघीस त्या एका ओळीवरही व्हायला हवी.