दिवसाला एक मिलिमीटर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर आमचे सावरगाव आणि दुसऱ्या काठावर पांढुर्णा उभे राहते. पात्रात रोवलेल्या पळसाच्या झाडासाठी दोन्हीकडून गोटे सुटतात. जखमींचे आकडे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत येतात. मात्र ज्या जखमेचा हिशेब वर्षभर चालतो, ती त्या आकड्यांत कोठेच दिसत नाही.

गतवर्षी माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या उजव्या कोपराच्या आतल्या अंगास गोटा लागला. हाड वाचले, पण करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होऊन बोटे आकड्यासारखी वळली. हा मुलगा संत्र्याची कलमे बांधतो. जंबेरीच्या खुंटावर डोळा बसवायचा तर चिमटीत बळ हवे. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, मज्जातंतू चेंगरला आहे, तुटलेला नाही. बोटे रोज हलवीत राहा आणि थांबा. घरच्यांनी 'थांबा'चा अर्थ 'इलाज नाही' असा घेतला. आई मला म्हणाली, "गुर्जी, हात गेलाच म्हणा नं आता?"

वाचकहो, तिला सांगितले तेच येथे सांगतो. १८५० साली ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मूळ पेशीशी जोडलेला भाग टिकला, पलीकडचा विरून गेला. या विरण्यानेच नव्या अंकुराला वाट मोकळी होते, हे पुढील प्रयोगांतून उमगले. तंतूला वेढणाऱ्या श्वान पेशी (नाव थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाचे, कुत्र्याचा येथे काही संबंध नाही!) भक्षक पेशींच्या साहाय्याने मोडतोड उपसतात, मग रांग धरून उभ्या राहतात आणि त्या रांगेतून अंकुर पुढे सरकतो. चेंगरलेल्या तंतूचे वेष्टन शाबूत असल्याने अंकुराला जुनीच वाट सापडते. तंतू तुटला असेल तर शल्यवैद्याने टोके वेळीच जोडावी लागतात, आणि तरीही काही अंकुर भलत्याच स्नायूत शिरतात.

सशांमध्ये चेंगरलेला तंतू दिवसाला चार मिलिमीटरांहून किंचित अधिक वाढतो, असे १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. माणसात ही गती सुमारे एक मिलिमीटर. शिवाय उंदराच्या पायातील अंतर काही सेंटिमीटरांचे, तो काही आठवड्यांत चालू लागतो. आपल्या कोपरापासून पंजापर्यंत मात्र वर्षभराची वाट आहे. तंतूविना राहिलेला स्नायू दीड-दोन वर्षांत कायमचा निकामी होऊ लागतो. म्हणून उंदरावरून माणसाला भरवसा देताना जरा जपूनच बोलावे लागते.

दिवाळीनंतर मुलाची आई घाबरी होऊन आली. हातावर टिचकी मारली की बधिर बोटांत झिणझिण्या उठत होत्या. ही तर अंकुराच्या टोकाची खूण! १९१५ मध्ये, महायुद्ध चालू असता, फ्रान्सचे टिनेल आणि जर्मनीचे हॉफमन यांनी ती स्वतंत्रपणे नोंदविली. सैन्ये समोरासमोर, आणि टिचकी दोहोंकडे एकच.

तेव्हापासून त्याचे वडील दर अमावास्येला त्या जागेवर शाईचा ठिपका देतात. फाल्गुनातला ठिपका मनगटाच्या चार बोटे अलीकडे होता. करंगळी अजून बधिरच आहे. कलमे यंदा धाकट्या भावाने बांधली. डोळा कोठे बसवायचा, ते हा शेजारी बसून दाखवीत होता.