पितळेच्या भावात सोनं आलं, तर ते कुणाचं?



इंग्लंडमधल्या एका बाईची गोष्ट तुमच्या व्हॉट्सअॅपवर कधी ना कधी आलीच असेल. १९८० च्या दशकात तिने लंडनमध्ये जुन्या सामानाच्या बाजारात दहा पौंडाला एक अंगठी घेतली. खडा काचेचा असेल असं समजून ती बरीच वर्षं अशीच रोज घातली. मग कळलं की तो २६ कॅरेटचा हिरा आहे. २०१७ मध्ये सदबीजच्या लिलावात ती अंगठी ६,५६,७५० पौंडांना गेली. ही गोष्ट पाठवणारे मला हमखास विचारतात, "सर, आपल्याला असं घबाड कधी लागणार?"

मला एकदा लागलं होतं. तीन दिवस माझी झोप उडाली होती. त्यावरच आज लिहितोय, कारण तुमच्यापैकी बरेच जण भांडी, फर्निचर, भंगार, जुनी पुस्तकं किंवा होमस्टेच्या सजावटीच्या वस्तू या धंद्यात आहेत. आज ना उद्या ही वेळ तुमच्यावरही येईल.

माझं रत्नागिरीत भांड्यांचं दुकान आहे. नवीन विकतो, जुनं मोडीत घेतो. विलायतेत लोक जुनं सामान अंगणात मांडून विकतात. आपल्याकडे कोकणात ते गणपतीनंतर आणि मे महिन्यात होतं. चाकरमानी गावी येतो, बंद घर उघडतो, माळ्यावरची हंडे-घागरी खाली काढतो आणि टेम्पोत घालून दुकानात आणतो. असाच एक मुंबईकर लांजा बाजूच्या गावातून आला. बाकी भांड्यांबरोबर एक जड पितळी पानाचा डबा होता. मी वजन केलं, डब्याचे म्हणून साधारण हजार रुपये धरले, सगळ्याचे मिळून पैसे दिले. तो मुंबईला गेला.

असे चांगले जुने पीस मी वितळवायला देत नाही. होमस्टेवाले शोभेला घेतात. दुसऱ्या दिवशी दुकानातला मुलगा तो डबा चिंच लावून घासत होता. आतली ताटली चिकटून बसली होती, ती त्याने उचकटली. खाली कापडात गुंडाळलेली मोत्यांची नथ आणि दोन पाटल्या.

मुलाने सरळ आणून माझ्या हातात दिल्या. आणि मी? मी त्या गल्ल्यात ठेवून कुलूप लावलं आणि गप्प बसलो. खोटं कशाला सांगू? बीबीए केलंय, तुम्हाला व्यवहाराचे धडे देतो, आणि तीन दिवस मनात एकच हिशोब चालू होता. डबा मी विकत घेतला, पैसे रोख दिले, आत काय आहे ते बघणं त्याचं काम होतं. चोरी थोडीच केली मी?

तिसऱ्या रात्री आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "अरे, तू पितळ घेतलंस. पाटल्या कधी घेतल्यास?"

तुम्ही नक्की काय विकत घेतलं?

आईचा हा प्रश्न इंग्लंडच्या कोर्टात १८४१ मध्येच येऊन गेलाय. खटल्याचं नाव मेरी विरुद्ध ग्रीन. एका माणसाने लिलावात लिहायचं जुनं मेज घेतलं. त्याच्या चोरकप्प्यात पैशांचं पाकीट निघालं, आणि त्याने ते ठेवून घेतलं. कोर्टाने सांगितलं की विक्री मेजाची झाली. आतल्या वस्तूंसकट विकतोय असं ठरलं नसेल, तर पाकीट विकलं गेलेलं नाही, कारण ते आत आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. जे विकायचं मनातच नव्हतं ते विकलं कसं जाईल?

आपल्याकडचा कायदाही त्याच वाटेने जातो. करार कायद्याचं, म्हणजे १८७२ च्या कायद्याचं कलम ७१ सांगतं की दुसऱ्याची वस्तू तुम्हाला सापडली आणि तुम्ही ती ताब्यात घेतली, तर ती सांभाळायला दिलेली वस्तू जपतात तशी जपायची. जपायला आणि मालक शोधायला खर्च झाला असेल तर तो मिळेपर्यंत वस्तू धरून ठेवता येते, तेवढी सोय कलम १६८ मध्ये आहे. पण मालक माहीत असताना, किंवा सहज शोधता येत असताना वस्तू खिशात घातली, तर तो गुन्हा आहे. पूर्वी हे भारतीय दंड संहितेत कलम ४०३ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३१४ आहे. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि दंड.

आता बघा, माझ्याकडे त्या मुंबईकराचा मोबाईल नंबर होता. म्हणजे "मालक माहीत नव्हता" हे मला म्हणताच आलं नसतं.

कुणी म्हणेल, त्याने तर टाकून दिलं होतं. तेही तपासून बघू. २०२० च्या दिवाळीआधी पिंपरी-चिंचवडमध्ये एका बाईंनी साफसफाईत जुनी पर्स कचऱ्यात दिली. आत सुमारे तीन लाखांचे दागिने होते. महापालिकेच्या सफाई कर्मचाऱ्याने ती कचरा डेपोत शोधून काढली आणि बाईंना परत मिळाली. पर्स त्यांनी टाकली होती, दागिने टाकलेले नव्हते. कचऱ्यातल्या सोन्याला जो न्याय, तोच माझ्या डब्यातल्या सोन्याला.

फोन केला, आणि भांडण सुरू झालं

चौथ्या दिवशी सकाळी फोन केला. मुंबईकर म्हणाला, "आजीच्या असणार. शनिवारी येतो न्यायला." मला वाटलं, सुटलो. संध्याकाळी चिपळूणहून त्याच्या आत्याचा फोन. "बाळा, त्याच्या एकट्याच्या हातात देऊ नकोस हां. माझ्या आईच्या पाटल्या आहेत त्या. आम्ही तिघं भावंडं." अर्ध्या तासात पुतण्याचा फोन. "घर माझ्या नावावर आहे, सामान मी विकलंय. तुम्ही वस्तू मलाच द्यायची."

घर भावाकडे राहिलं म्हणजे आईचे दागिनेही भावाचे, असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. पण हिंदू वारसा कायदा, १९५६ तसं म्हणत नाही. बाईचे दागिने ही तिची स्वतःची मालमत्ता. तिने मृत्युपत्र केलं नसेल तर नवरा, मुलगे आणि मुली सारखे वारस. मुलगा आधी वारला असेल तर त्याची मुलं त्याच्या जागी. म्हणजे आत्याचा हिस्सा होता, पुतण्याचाही होता, मुंबईतल्या काकांचाही होता. फक्त माझा नव्हता.

इथे बहुतेक दुकानदार दुसरी चूक करतात. जो आधी येईल, किंवा जो जोरात बोलेल, त्याला वस्तू देऊन मोकळे होतात. मग बाकीचे तुमच्या दारात. मी दागिन्यांचं वजन केलं, फोटो काढले, शेजारच्या दुकानदारासमोर पाकीट बंद करून त्यावर दोघांच्या सह्या घेतल्या आणि दोघांनाही एकच सांगितलं, "तिघं मिळून या, नाहीतर कोर्टाचा कागद आणा." पंधरा दिवसांनी तिघं आले. पावतीवर तिघांच्या सह्या घेतल्या आणि पाकीट मधोमध ठेवलं. वाटणी कशी झाली मी विचारलं नाही. आत्याबाईंनी दुकानातल्या मुलाच्या हातात पाचशे रुपये ठेवले. पुतण्या त्यानंतर कधी दुकानात आला नाही. प्रामाणिकपणामुळे धंदा दुप्पट झाला वगैरे मी सांगणार नाही. एक कस्टमर गेला, हे खरं आहे.

डबा मात्र माझाच राहिला. वस्तू विक्री कायदा, १९३० चं कलम २८ असं आहे की सामायिक वस्तू बाकीच्यांच्या संमतीने एकाच्याच ताब्यात असेल आणि तुम्ही ती काही माहीत नसताना, चांगल्या हेतूने त्याच्याकडून घेतली, तर ती तुमची होते.

आणि वस्तूच स्वस्तात मिळाली तर?

ही गोष्ट वेगळी आहे, गल्लत करू नका. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात एका बाईने एक खडा जवाहिऱ्याला एक डॉलरला विकला. तो कच्चा हिरा निघाला, किंमत सातशे डॉलरच्या आसपास. १८८५ मध्ये कोर्टाने विक्री कायम ठेवली, कारण दोघांनाही तो हिरा आहे हे माहीत नव्हतं आणि जवाहिऱ्याने फसवलं नव्हतं. आपल्या करार कायद्याच्या कलम २० च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की किमतीबद्दलचा गैरसमज ही कराराला बाधा आणणारी चूक धरायची नाही. लंडनच्या अंगठीवर म्हणूनच कुणी हक्क सांगू शकलं नाही. विकणाऱ्याला अंगठीच विकायची होती.

आपल्या गावात या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या आयुष्यात दिसतात. थिबा पॅलेस तुम्ही बघितलाच असेल. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८५ च्या शेवटी राज्य गमावून बसला, १८८६ मध्ये इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो इथेच वारला. मिळणारा भत्ता पुरेना, म्हणून सोबत आणलेली रत्नं तो विकत गेला, आणि अडलेल्या माणसाला जो भाव मिळतो तोच त्याला मिळाला. ज्यांनी ती घेतली त्यांची ती झाली. पण न्गा माउक नावाचं एक मोठं माणिक होतं. मंडाले सोडताना ते कर्नल स्लॅडेनकडे सांभाळायला दिलं होतं, असं राजाचं म्हणणं. रत्नागिरीहून तो ते परत मागत राहिला. मिळालं नाही. त्या माणकाचा वाद आजही संपलेला नाही, कारण ते विकलंच नव्हतं.

पण विकत घेतलेली रत्नं कायद्याने घेणाऱ्याची झाली, म्हणजे सगळं ठीक झालं का? थिबाची थोरली मुलगी १९४७ मध्ये याच रत्नागिरीत गरिबीत गेली. हे वाचलं की मला काउंटरच्या पलीकडचा माणूस दिसतो.

माझं मत स्पष्ट सांगतो. तुमची पारख ही तुमची कमाई आहे, ती फुकट वाटू नका. बाजारात दुसऱ्या व्यापाऱ्याकडून स्वस्तात उचललं, तर तो तुमचा नफा. पण घरातली आजी-काकू वस्तू घेऊन आली आणि तिने विचारलं, "काय आहे रे हे?", तर खरं सांगा आणि मग तुमचं मार्जिन लावून भाव करा. माहीत असून खोटं सांगितलं तर कायद्यात ती फसवणूक आहे, सौदा रद्द होऊ शकतो. न विचारता गप्प बसलात तर बहुतेक वेळा कायदा काही करणार नाही. पण लहान गावात गोष्ट कळतेच, आणि ती कळल्यावर तुमच्या तराजूवर कुणी विश्वास ठेवत नाही.

चोरीच्या मालाचं तर विचारूच नका. विकणाऱ्याची मालकी नसेल तर तुमचीही होत नाही, पक्कं बिल असलं तरी. वस्तू जाते, पैसेही जातात, आणि चोरीची आहे हे माहीत असून घेतली असेल तर तुम्हीही आत.

उद्यापासून दुकानात हे सुरू करा

१. वजन करण्याआधी प्रत्येक डबा, खण, पेटी विकणाऱ्यालाच उघडायला लावा. तुम्ही उघडू नका.

२. पावतीवर लिहा: "रिकामा पितळी डबा, वजन अमुक. आत काही निघाल्यास ते विक्रीत धरलेलं नाही." नाव, फोन आणि ओळखपत्राची नोंद वहीत करा.

३. जुन्या घराचं सामान असेल तर विचारा, "अजून कुणाचा हिस्सा आहे का? त्यांना माहीत आहे ना?"

४. काही सापडलं तर त्याच दिवशी फोटो, वजन, साक्षीदार आणि फोन. माझ्यासारखे तीन दिवस घालवू नका. मालक सापडत नसेल किंवा शंका असेल तर पोलीस ठाण्यात लेखी कळवा, पोच घ्या.

५. दोघांनी हक्क सांगितला तर एकट्याला देऊ नका. मालक कोण ते ठरवायला कोर्ट आहे.

६. जमिनीत किंवा भिंतीत पुरलेलं निघालं तर नियम वेगळा आहे. १८७८ चा निखात निधी कायदा लागतो, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपयांच्या वरचं काहीही असलं तरी.

तो डबा अजून माझ्या काउंटरवर आहे. दोन होमस्टेवाल्यांनी मागितला, दिला नाही. त्यात मी पावतीपुस्तक ठेवतो. मोडीत माल घेऊन कुणी आलं की दुकानातला तो मुलगाच आता माझ्याआधी म्हणतो, "काका, आधी उघडून दाखवा."

तुमच्या दुकानात असं काही झालं असेल तर मला नक्की कळवा. माझं म्हणणं पटलं नसेल तर तेही मोकळेपणाने सांगा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.