कोऱ्या कागदाचा बगळा

मूल हातांत कुंचला घेतें तेव्हां घरांतील मंडळी त्याचें कौतुक करितात. परंतु तें कौतुक बहुधा हुबेहूबपणाचें असतें. पोपट पोपटासारखा दिसला कीं शाबासकी मिळते, न दिसला तर "अरे, याचे पाय कोठें आहेत?" अशी विचारणा होते. या एका प्रश्नानें किती हात बाराव्या-तेराव्या वर्षींच थांबले असतील, याची गणती कोणीं ठेविली आहे? म्हणूनच, पाय न काढणें हेंच जींत कित्येकदां शहाणपणाचें ठरतें, अशा एका पद्धतीविषयीं या खेपेस लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती पद्धत म्हणजे मोकळ्या हातानें, वाहत्या जलरंगांत पक्षी रंगविण्याची.

हुबेहूब पक्षिचित्रांची परंपरा आपल्या देशांत थोर आहे. जहांगीर बादशहाच्या (१६०५–१६२७) पदरीं असलेल्या उस्ताद मन्सूर यानें रंगविलेला सायबेरियाचा क्रौंच कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममध्यें आहे. बादशहानें या चित्रकारास 'नादिर-उल्-अस्र', म्हणजे 'युगांतील अद्वितीय', ही पदवी दिली होती. त्याच शतकांत चीनमध्यें बादा शानरेन (१६२६–१७०५) होऊन गेला. तो मिंग राजकुळांतला. १६४४ सालीं तें राज्य बुडाल्यावर तो बौद्ध भिक्षु झाला. त्याच्या कागदावर शाईच्या मोजक्या फटकाऱ्यांचें एक पाखरूं असतें, क्वचित् एखादा खडक, आणि बाकी सारें कोरें. एकानें पीस न् पीस दाखविलें, दुसऱ्यानें जवळजवळ सर्वच गाळलें. परंतु पक्षी पाहण्यांत कोणींही कसूर केली नाहीं. मोकळ्या चित्रांत हात मोकळा असतो, डोळा नव्हे. नवशिके येथेंच फसतात.

जलरंगाचा धर्म पारदर्शकपणाचा आहे. प्रकाश रंगाच्या पातळ थरांतून आंत जातो, कागदाच्या पांढरेपणावर आदळतो आणि पुन्हा रंगांतून बाहेर येतो. चित्राचें तेज तें हेंच. एकाच जागीं चारदां कुंचला फिरविला कीं थर गढूळ होतो आणि तें तेज मरतें. शिवाय या पद्धतींत पांढरा रंग म्हणजे कोरा कागदच. बगळा काढावयाचा तर बगळ्यास रंग लावावयाचा नाहीं. त्याच्या मागचें हिरवें तळें आणि गर्द सांवली रंगवावयाची, म्हणजे मध्यें राहिलेल्या कोऱ्या जागेचा बगळा होतो. कावळ्याचेंही तसेंच. नुसता तयार काळा रंग घेतला तर तो डांबरासारखा दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सायेना हा तांबूस तपकिरी रंग एकत्र केल्यास जिवंत काळोखी येते, आणि त्यांतच पाणी वाढविलें कीं गांवकावळ्याच्या मानेवरची राखी छटा मिळते.

आतां आपल्या विहिरीकांठचा खंड्या घ्या. खांद्यापासून शेपटीपर्यंत पाणीदार फिरोजी निळ्याचा एकच फटकारा मारावा. गळा व छाती कोरी सोडावी. निळा ओला आहे तोंवरच डोक्याचा व पोटाचा चॉकलेटी रंग त्यास एखाद्या ठिकाणीं भिडवावा. दोन्ही रंग आपापसांत मिसळून सांवली स्वतःच तयार करितात. कागद पुरता वाळल्यावर मग लाल जाड चोंच आणि डोळा. मधल्या वेळीं मात्र हात आवरावा. कागदावरची चकाकी गेली, पण ओल राहिली, अशा क्षणीं पाण्यानें भरलेला कुंचला टेकविला तर तें पाणी आधींच्या रंगाचे कण कडेला ढकलतें आणि फुलकोबीसारखा वेडावांकडा डाग उमटतो. वैशाखांत हा क्षण झटकन् येतो, आषाढांत रेंगाळतो. म्हणून कागद तिरपा धरून चकाकी पाहण्याची संवय ठेवावी. गंमत अशी कीं, खंड्याच्या पिसांत निळें रंगद्रव्य मुळीं नसतेंच. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश विखुरतो, आणि तो आपणांस निळा दिसतो. पक्षी आणि जलरंग दोघेही उजेडाच्याच जोरावर शोभतात.

"मग हें सैलपणाचें लाड नव्हेत काय?" असें कोणी विचारील. ग्लासगोच्या चित्रकारमंडळांत गणला जाणारा जोसेफ क्रॉहॉल (१८६१–१९१३) यास त्याच्या वडिलांनीं लहानपणींच दोन नियम घालून दिले होते: स्मरणानें काढावयाचें, आणि खोडावयाचें नाहीं. तो पुष्कळदां कापडावर अपारदर्शक जलरंगांत काम करी, पण शिस्त हीच. पक्षी मनांत पुरता बसेपर्यंत पहावयाचा, मग न थांबतां उतरवावयाचा. आपल्याकडील एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेंतही स्मरणचित्र हा विषय आहे. त्याची खरी तयारी नमुन्याच्या चित्रांवरून नव्हे, अंगणांतल्या साळुंकीवरून होते. दहा मिनिटें तिच्याकडे पहावें, मग पाठ फिरवून दोन मिनिटांत ती काढावी. हा अभ्यास मुलांस जितका उपयोगी, तितकाच दुपारीं अर्धा तास मोकळा मिळणाऱ्या आमच्या वाचकभगिनींसही.

सामान थोडें लागतें. चौरस मीटरला सुमारें ३०० ग्रॅम वजनाचा जाड कागद, चांगल्या टोंकाचा एक गोल कुंचला, तीन-चार रंग आणि पाण्याचीं दोन भांडीं, एवढें पुष्कळ झालें. कागद मात्र बिघडतील, आणि पुष्कळ बिघडतील. या पद्धतींत चूक पुसून टाकतां येत नाहीं. पुन्हा नव्यानें काढावें लागतें. बिघडलेल्या कागदाची पाठ दुसऱ्या प्रयत्नास चालते, म्हणून खर्चाची फारशी धास्ती नको.

घरांतील वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच: सून असो कीं नातू, कोणी असें अर्धेंमुर्धें पाखरूं पुढें आणून ठेविलें, तर पाय कोठें गेले हें विचारूं नये. तो पक्षी कोठें बसला होता आणि काय करीत होता, हें विचारावें. उत्तर देतां आलें, तर चित्र नीट काढलें आहे असें समजावें. न आलें, तर पुन्हा पाहून येण्यास सांगावें, आणि कागद एक जास्तच द्यावा.