पेंटियमने खाल्लेले पैसे

आमच्या घराण्यात एक वाक्प्रचार आहे. बाजारातून आल्यावर पैशांचा मेळ बसेना, की कुणीतरी म्हणतंच, "पेंटियमने खाल्ले असतील." नव्या सुना-जावयांना तो समजावून सांगावा लागतो. या मे महिन्यात आरे-वारेला काकूकडे गेलो होतो तेव्हा त्या पेंटियमचं पोट प्रत्यक्ष उघडून बघितलं, आणि तेव्हापासून मला तो वाक्प्रचार वापरवत नाही. नातेवाईक मंडळी रागावणार हे गृहीत धरूनच लिहितोय.

गोष्ट तुमच्यातल्या अर्ध्यांना पाठ आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. काका गणिताचे मास्तर. निवृत्त झाल्यावर गावातल्या एका मंडळाचे खजिनदार. १९९६ साली दादाने मुंबईहून त्यांना कॉम्प्युटर आणून दिला. वर्षअखेरीला हिशोबात ४३१२ रुपये कमी भरले. नोंदी टाइप करायला गावातलाच एक मुलगा यायचा, सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. काकांनी भर सभेत सांगितलं की दोष मशीनमध्ये आहे, पेंटियम चुकीची गणितं करतो असं पेपरात आलंय. पैसे स्वतःच्या खिशातून भरले, खजिनदारपद सोडलं. विषय संपला.

पेपरात आलं होतं हे शंभर टक्के खरं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजचे थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांकांची बेरीज करत होते. (जुळ्या किनाऱ्यांच्या गावी बसून हे वाचताना मला उगाच मजा वाटली.) उत्तर जुळेना. शोधत शोधत ते थेट प्रोसेसरपर्यंत पोचले. भागाकार करताना पेंटियम आतल्या एका तक्त्यात बघतो, त्या तक्त्यातल्या पाच नोंदी रिकाम्या राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर उत्तर १.३३३८२० यायला हवं, सदोष चिप १.३३३७३९ देते. आधी इंटेलने फारसं मनावर घेतलं नाही. मग इतका गदारोळ झाला की २० डिसेंबर १९९४ ला, मागेल त्याला चिप बदलून देऊ असं जाहीर करावं लागलं, आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढून ठेवावे लागले. या पेंटियमच्या घडणीत ज्यांचं नाव पहिल्यांदा घेतात ते विनोद धाम जन्माने पुणेकर. असो.

आता माझा मुद्दा. 'पेंटियम सदोष होता' हे वाक्यच अर्धवट आहे. कुठला पेंटियम? आपण रत्नागिरीकर पेटीवर 'हापूस' लिहिलंय म्हणून कधी विश्वास ठेवतो का? देठ बघतो, साल बघतो, वास घेतो, आणि कर्नाटकातला आंबा आपल्या नावाने खपवला तर तावातावाने भांडतो. मग कॉम्प्युटरच्या बाबतीतच का खोक्यावरचं नाव वाचून गप्प बसायचं? एकाच नावाच्या चिपच्या अनेक आवृत्त्या निघतात. चुका सापडतात, दुरुस्त होतात, नाव तेच राहतं. बदलतो तो फक्त चिपवरचा बारीक नंबर. तो नंबर म्हणजे तिचा सातबारा.

हे काही पेंटियमपासून सुरू झालं नाही. पहिल्या आयबीएम पीसीतली ८०८८ घ्या. तिच्यावर इंटेलच्या नावापुढे नुसतं ७८ साल असेल तर ती जुनी, इंटरप्ट हाताळताना घोळ करणारी. ७८ आणि ८१ अशी दोन्ही सालं असतील तर दुरुस्त केलेली. ३८६ ची तर गंमतच आहे. सुरुवातीच्या काही चिपा ३२ बिटांच्या गुणाकारात चुकायच्या. १९८७ मध्ये इंटेलने तपासून चांगल्या निघालेल्यांवर दोन सिग्मा छापले आणि नापास झालेल्यांवर 'फक्त १६ बिट सॉफ्टवेअरसाठी' असा शिक्का मारून त्याही विकल्या! वरून बघणाऱ्याला दोन्ही ३८६च.

तर काकूच्या माळ्यावरचं ते खोकं. भंगारवाला येणार होता, किलोवर भाव ठरला होता. पडवीत आणून झाकण काढलं तर आत खाऱ्या वाऱ्याने काय काय केलं होतं! स्क्रू गंजून फुगलेले, बॅटरी फुटून बोर्डावर हिरवट पाझर. मशीन चालू करून भागाकाराची परीक्षा घ्यायचा प्रश्नच नव्हता. उरला तो नंबर. पंखा काढला, खटका उचलला, चिप अलगद हातात आली. २९६ पिनांपैकी काही काळ्या पडलेल्या, पण वरचं सिरॅमिक शाबूत. जुनी पांढरी पेस्ट पुसली आणि मोबाइलचा उजेड तिरका धरला.

एसएक्स ९६९.

म्हणजे ७५ मेगाहर्ट्झ, सी-२ आवृत्ती. भागाकाराचा दोष पहिल्या काही आवृत्त्यांत होता. सी-२ त्यानंतरची, दुरुस्त. दुसऱ्या ओळीतला बॅच नंबरही तेच सांगत होता. त्यात पहिलं अक्षर कारखान्याचं, पुढचा आकडा सालाचा, त्यापुढचे दोन आठवड्याचे. एल ५३८, म्हणजे मलेशिया, १९९५ सालचा अडतिसावा आठवडा. इंटेलने माफी मागून नऊ महिने उलटल्यावर बनलेली चिप. काकांचा पेंटियम निर्दोष.

खरं सांगायचं तर नंबर न बघताही शंका यायला हवी होती. दोष भागाकारात होता, बेरजेत नव्हता. आणि मंडळाची जमाखर्चाची वही म्हणजे सगळी बेरीज-वजाबाकी. त्यातून ४३१२ रुपये गिळायला सदोष पेंटियमलाही जमलं नसतं. हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. गणिताच्या मास्तरांच्या डोक्यात मात्र आलं नसेल?

दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "कशाला उकरतोस? बाबा गेले, गोष्ट चांगली आहे, राहू दे की." त्याचं म्हणणं मला कळतं, पण पटत नाही. सदोष मशीनची गोष्ट सांगताना आपण काकांना भोळा म्हातारा करून टाकलंय, ज्याला कॉम्प्युटरने फसवलं. नंबर वाचल्यावर तो भोळा म्हातारा उरत नाही.

मदरबोर्डाचं माहितीपुस्तक खोक्यातच प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. चाळताना पाठीमागच्या कोऱ्या पानावर काकांचं अक्षर दिसलं, फळ्यावर लिहायचे तसंच सुटं सुटं. ४१९५८३५. खाली ३१४५७२७. पुढे बरोबर, १.३३३८२०४. त्याखाली दोन रेघा आणि 'ठीक'. तारीख सभेच्या चार दिवस आधीची.

काकू मागे येऊन उभी होती. "काय रे मेल्या, सापडलं का काही?"

मी तिला सांगितलं. मशीन चांगलं होतं, काकांनी स्वतः तपासलं होतं, आणि तरी सभेत तसं बोलले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या पोराच्या बहिणीचं लग्न होतं त्या वर्षी," आणि आत चहा टाकायला गेली. पैसे त्यानेच घेतले होते का नुसता आळ येऊ नये म्हणून काका तसं बोलले, हे मी विचारलं नाही. ती सांगेल असंही वाटलं नाही.

खोकं भंगारात गेलं. चिप आणि ते पान मी घेऊन आलोय. दादा, तुला हवं असेल तर पुढच्या खेपेला देतो.