गळा कोणाच्या मालकीचा?

लोर्ना कोर्देरो हे नाव रायगडच्या किनाऱ्यावरील आमच्या बहुतेक वाचकांना परिचयाचे नसेल. गोव्यात मात्र या गायिकेची गाणी न ऐकलेले घर सापडणे कठीण. १९४६ साली, म्हणजे डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात नागरी स्वातंत्र्याचा लढा पुकारला त्याच वर्षी, त्यांचा जन्म झाला. आणि साठच्या दशकात मुंबईच्या हॉटेलांतील जाझ वाद्यवृंदांतून त्या पुढे आल्या. त्यांची कारकीर्द हा केवळ संगीतरसिकांचा विषय नाही. श्रम आणि मालकी यांचा जुनाच प्रश्न तिच्यात उभा आहे.

जाझ म्हणजे धनिकांच्या नाचघरातील करमणूक, असा आक्षेप आपल्याकडील काही मित्र घेतील. ऐकणारे धनिक होते हे खरे. निर्माण करणारे नव्हते. अमेरिकेतील गुलामांच्या वंशजांनी हे संगीत घडविले. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्याच वादकांच्या देशात, मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरी, १९६४ मध्ये वर्णभेदी उपाहारगृहात प्रवेश मागितल्याबद्दल लोहियांना अटक झाली होती, हे समाजवाद्यांनी तरी विसरू नये.

मुंबईत हे संगीत उचलले ते गोमंतकीय वादकांनी. रेवदंड्यावर १७४० पर्यंत आणि गोव्यावर १९६१ पर्यंत राज्य करणाऱ्या पोर्तुगीजांच्या अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई; पोट भरण्याची सोय मात्र गावात नव्हती. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील तरुण गिरणीत शिरला आणि गिरणगावच्या दाटीवाटीच्या खोलीत राहिला. गोव्याचा तरुण ट्रंपेट घेऊन धोबीतलावच्या ‘कुडा’त राहिला. दोघेही आपले श्रम विकावयास आले होते.

मडगावचे ख्रिस पेरी हे असेच एक असामान्य वादक व संगीतकार. त्यांच्या वाद्यवृंदात लोर्ना गाऊ लागल्या. रात्री हॉटेलात इंग्रजी गाणी आणि ध्वनिमुद्रिकांवर ‘बेबदो’, ‘पिसो’ यांसारखी कोंकणी गाणी, असा हा संसार होता. जाझच्या पितळी वाद्यांना पेरींनी कोंकणी बोलीत आणले, आणि लोर्नांच्या भरदार आवाजाने ती घराघरांत पोहोचविली. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी दोघांचे मार्ग वेगळे झाले. त्यानंतर जवळजवळ दोन दशके हा आवाज रंगमंचावरून नाहीसा झाला. १९९५ मध्ये तो गोव्यात पुन्हा ऐकू आला. गायिकेच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे मधल्यामध्ये गेली होती.

या ताटातुटीच्या खाजगी बाजूची चर्चा पुष्कळ झाली आहे. या दोघांच्या जीवनावरून प्रेरित ‘नाचुंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपटही २०१४ मध्ये तयार झाला व राष्ट्रीय पुरस्कारास पात्र ठरला. आम्हास महत्त्वाचा वाटतो तो या व्यवसायाचा आर्थिक सांगाडा. हॉटेलचा व्यवहार वाद्यवृंदाच्या प्रमुखाशी. गायिकेचा व्यवहार त्या प्रमुखाशी. मुकादम पद्धतीची ही सुशोभित आवृत्तीच होय. मुकादमाशी संबंध तुटला की काम तुटते. ना भविष्यनिर्वाह निधी, ना आजारपणाची तरतूद. ध्वनिमुद्रिका विकल्या जातात, परंतु १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी आपल्या स्वामित्व कायद्यात गायकाचा स्वतंत्र हक्कच नव्हता. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी रॉयल्टीचा आग्रह धरला तेव्हा महंमद रफींशी त्यांचे मतभेद होऊन काही वर्षे दोघांचे एकत्र गाणे थांबले. लताबाईंना तो आग्रह परवडला, कारण चित्रपटसृष्टीला त्यांच्यावाचून चालत नव्हते. हॉटेलात गाणाऱ्या मुलीने तो कोणाच्या बळावर धरावा?

२०१२ च्या दुरुस्तीने गायक-वादकांना व्यापारी वापरावरील रॉयल्टीचा हक्क दिला, हे स्वागतार्ह आहे. परंतु तो ध्वनिमुद्रित कलेपुरता उपयोगी. अलिबाग-मुरुडच्या पर्यटनस्थळी गाणारा तरुण, हळदीला कोळीगीते म्हणणारी बाई, लग्नसराईत बँजो वाजविणारे पथक यांचे पोट चालते ते रोजच्या बिदागीवर, आणि तीही तोंडी ठरते. कलावंत हा काही हमाल नव्हे, असे म्हणून हा प्रश्न टाळता येणार नाही. हमालाला या राज्यात १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळ मिळाले. मालक अनेक, काम अनिश्चित, तरीही मजुरी मंडळामार्फत आणि मालकांच्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी व उपदान, ही व्यवस्था लढून उभी राहिली. गायक-वादकांचीही स्थिती नेमकी अशीच आहे.

म्हणून हॉटेले, सभागृहे व कार्यक्रमांचे ठेकेदार यांच्याकडून लेव्ही घेणारे कलावंत मंडळ राज्यात स्थापन झाले पाहिजे, आणि प्रत्येक कार्यक्रमाचा करार लेखी झाला पाहिजे. उतारवयातील सरकारी मानधन ही कृपा आहे. आम्ही मागतो तो हक्क आहे. ही मागणी मंत्रालयातून खाली येणार नाही. आपल्या तालुक्यातील बँजो पथके आणि कोळीगीतांचे गायक यांची पहिली सभा बोलाविण्याचे काम आमच्या कार्यकर्त्यांचेच आहे.