वाळवंटातील कुंडी

जैसलमेरच्या वाळवंटात घराच्या अंगणी झाडे लावण्याची गोष्ट निघाली, की ऐकणाऱ्यांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, जेथे पिण्याचे पाणीही जपून वापरावे लागते, तेथे झाडांचे कौतुक कसले? दुसरा पक्ष उत्साही असतो. तो एकदम वीस कुंड्या आणून अंगणात ओळीने मांडतो आणि वैशाखात त्यांतील वाळलेल्या काटक्यांकडे पाहून वाळवंटालाच दोष देतो. हे दोन्ही पक्ष चुकतात, आणि दोघांच्या चुकीचे मूळ एकच आहे. घरात पाणी किती आहे, याचा हिशेब त्यांनी मांडलेलाच नसतो.

हा हिशेब अवघड नाही. जैसलमेरला वर्षाकाठी सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत तो २,००० मिलिमीटरहून अधिक पडतो. समजा, जैसलमेरच्या एका घराची गच्ची ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे. तिच्यावर पडलेला थेंब अन् थेंब साठवला, तरी वर्षाला ४,००० लिटर पाणी होईल. ते ३६५ दिवसांत वाटले, तर रोजच्या वाट्याला ११ लिटरही येत नाही! म्हणूनच तेथील लोकांनी पूर्वीपासून जमिनीखाली 'टांका' नावाचे हौद बांधून पावसाचे पाणी जिवापाड जपले.

यावर कोणी म्हणेल, आता तर कालवा आला आहे. ते खरे आहे. १९५८ साली ज्याचे काम सुरू झाले, तो आजचा इंदिरा गांधी कालवा पंजाबातील हरिके येथून सतलज आणि बियास या नद्यांचे पाणी सहाशेहून अधिक किलोमीटर दूर मरुभूमीत आणतो. परंतु इतक्या लांबून आलेले पाणी अंगणातील हिरवळीवर ओतणे शहाणपणाचे नव्हे. वाळवंटात हिरवळ राखण्याचा हव्यास हा निव्वळ डामडौल होय. कुंडीची गोष्ट मात्र वेगळी आहे.

कुंडीला नवे पाणी लागतच नाही, असे म्हटले तरी चालेल. भाजी धुतलेले, डाळ धुतलेले, माठ विसळलेले पाणी प्रत्येक घरात रोज सांडते. साबणाचे पाणी तेवढे वगळावे. उरलेले एका बादलीत साठवून आठवडाभर मोजावे. उन्हाळ्यात एक मोठी कुंडी दिवसाला लिटर-दोन लिटर पाणी सहज पिते. तेव्हा बादलीत जितके पाणी जमेल, तितक्याच कुंड्या ठेवाव्यात. एकच कुंडी निघाली, तर एक. येथे पहिल्या पक्षाचा आक्षेप संपतो. कारण जे पाणी मोरीतून वाहून जाणार होते, तेच झाडाला मिळते. कैर आणि सांगरी वाळवून वर्षभर भाजीला पुरविणाऱ्या त्या प्रदेशात दारातून खुडलेल्या चार हिरव्या कोथिंबिरीच्या काड्यांचे मोल काय असते, हे ज्याच्या परसात अळू आपोआप माजते, त्या कोकणातील मुलाला एकदम उमगणार नाही.

आरंभ लहान असावा याचा अर्थ कुंडी लहान असावी, असा मात्र नव्हे. पुष्कळांची फसगत येथेच होते. लहान कुंडीत माती थोडी, म्हणून ओलही थोडी. सकाळी घातलेले पाणी दुपारपर्यंत उडून जाते आणि कोवळी मुळे भाजून निघतात. दहा लहान कुंड्यांपेक्षा एक मोठी कुंडी बरी. पत्र्याचा डबा उन्हात तव्यासारखा तापतो. काळ्या प्लास्टिकचेही तसेच. मातीची कुंडी गार राहते, पण तिच्या अंगातून पाणी पाझरून उडते. यावर एक जुना, सोपा उपाय आहे. मातीची कुंडी तिच्याहून मोठ्या कुंडीत ठेवावी आणि मधल्या जागेत वाळू भरून ती ओली राखावी. वाळूला तर तेथे तोटा नाही!

नुसती वाळू मात्र पाणी धरीत नाही. तिच्यात कुजलेले शेणखत किंवा शेळ्यांचे लेंडीखत मिसळावे आणि वर पालापाचोळ्याचा थर द्यावा. कुंडीच्या तळाला भोक हवेच. पाणी वाया जाईल या भीतीने कित्येक जण ते बुजवितात. परंतु मरुप्रदेशात विहिरींचे पाणी बहुधा खारट असते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, मातीवर पांढरा पापुद्रा धरतो आणि पाणी घालूनही झाड मरते. अधूनमधून भरपूर पाणी घालून ते क्षार खालच्या भोकातून धुऊन काढावे लागतात. पाणी वाचविण्याचा अतिरेकही असा झाडाच्या मुळावर येतो.

पात्र पुरेसे मोठे असेल, तर त्याच्या मध्यभागी एक लहान, न रंगविलेला मातीचा घडा गळ्यापर्यंत पुरावा, पाण्याने भरावा आणि झाकून ठेवावा. भोवतालची माती सुकू लागली, की घड्याच्या अंगातून पाणी पाझरते. माती ओली असेल, तर ते पाझरणे मंदावते. मुळांना हवे तेवढेच पाणी मिळते आणि वरच्या उन्हाला त्याचा पत्ता लागत नाही. चीनमधील दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतीविषयक ग्रंथात ही युक्ती आढळते.

महाराष्ट्रातील मुले मृगाची वाट पाहतात. जैसलमेरच्या मुलांनी दसऱ्याची वाट पाहावी. आश्विन सरता सरता ऊन सौम्य होते. तेव्हा मेथी, पालक, कोथिंबीर पेरावी. कुंडी पूर्वेच्या बाजूस ठेवावी, म्हणजे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारी घराची सावली पडते. भिंतीला मात्र ती अगदी टेकवू नये; दिवसभर तापलेला पिवळा दगड सूर्य मावळल्यावरही कितीतरी वेळ धग सोडीत असतो. चैत्र लागला, की कोथिंबीर फुलावर येते. तिचे धणे पुढच्या पेरणीसाठी ठेवावेत, कुंडी ओसरीच्या सावलीत हलवावी आणि उन्हाळाभर तीत पुदिना जगवावा. तो जगला आणि बादलीत पाणी उरू लागले, तर येत्या दसऱ्याला दुसरी कुंडी आणण्यास हरकत नाही.