टीबीच्या रुग्णाची साखर कोण पाहणार?

क्षयरोगाचं निदान झालेल्या प्रत्येकाची एचआयव्ही चाचणी करायची आणि रक्तातली साखरही तपासायची, हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे. तपासणी होतेही. पण पुढे रुग्ण तीन खिडक्यांवर तीन कागद घेऊन फिरतो आणि एका खिडकीवरचं दुसरीला कळत नाही.

मधुमेहामुळे क्षयाचा धोका २ ते ३ पट वाढतो. त्यातच रिफाम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य औषध ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम कमी करतं. साखर चढते आणि 'पथ्य पाळत नाही' म्हणून बोलणी रुग्णच खातो. (पूर्वी मीही असं बोललो आहे.) एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्रॅविरचंही तेच, रिफाम्पिसिन चालू असताना ते दिवसातून दोनदा द्यावं लागतं.

मागणी साधी आहे : क्षयाच्या उपचार कार्डावरच साखरेचे आकडे आणि चालू असलेली सगळी औषधं लिहिली जावीत. याला वेगळा निधी लागत नाही. तोवर घरात टीबीचा रुग्ण असेल, तर मधुमेहाच्या डॉक्टरांना टीबीच्या गोळ्यांचं पाकीट दाखवा. डोस मात्र स्वतःहून बदलू नका. एचआयव्हीचा अहवाल शेजाऱ्यांना सांगायची गरज नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगायलाच हवा.